मोठ्या कंपनीतील नोकरी आणि मागून घेतलेला राजीनामा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अभियांत्रिकी प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या की मला बार्शीहून फोन येऊ लागतात. मुलाला संगणक शाखेला घातले तर तो पुढे एखाद्या मोठ्या कंपनीत लागेल ना, हा पालकांचा पहिला प्रश्न असतो, आणि एकदा तिथे लागला की जन्माची चिंता मिटली, हे त्यांनी मनाशी आधीच धरलेले असते. हिंजवडीतील एका मोठ्या माहिती तंत्रज्ञान कंपनीत माझी १९ वर्षे नोकरी झाली आहे. पालकांचा हा समज निम्मा खरा आहे आणि निम्मा नाही, म्हणून हे पत्र.

खरा भाग आधी सांगतो, कारण या नोकऱ्यांना सरसकट नावे ठेवणे मला कृतघ्नपणाचे वाटते. माझे वडील कोरडवाहू शेती करत. इंग्रजीत चार वाक्ये सलग बोलायची मला धास्ती होती. कंपनीने लेखी परीक्षेतले गुण पाहिले, मुलाखतीत तर्काचे प्रश्न विचारले आणि रुजू झाल्यावर चार महिने पगार देऊन शिकवले. नवख्या माणसावर एवढा वेळ आणि पैसा खर्च करणे लहान कंपनीला सहसा परवडत नाही. पगार ठरल्या दिवशी जमा झाला नाही, असे एकदाही घडले नाही आणि त्याच पगाराच्या भरवशावर बँकेने घरासाठी कर्ज दिले.

२०१६ साली आईची बायपास शस्त्रक्रिया ठरली तेव्हा मी सोलापूरच्या रुग्णालयात खिडकीपाशी रांगेत उभा होतो. माझ्या पुढच्या गृहस्थांना अनामत रक्कम भरायची होती आणि ते हातातल्या नोटा तिसऱ्यांदा मोजत होते. माझा नंबर आल्यावर खिडकीतल्या बाईंनी फक्त विम्याचे कार्ड आणि आईचे ओळखपत्र मागितले. कंपनीच्या सामूहिक विम्यात आईवडिलांचाही समावेश होता आणि आईच्या जुन्या दुखण्याची त्यात आडकाठी नव्हती. त्या गृहस्थांचे हात मला अजून आठवतात. मोठी कंपनी काय देते, हे मला त्या रांगेत कळले.

तोट्यांचा विषय निघाला की लोक आधी कामाचे तास मोजतात. २०२३ मध्ये नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे म्हटले, तेव्हा त्यावर बराच वाद झाला. तास खुपतात, आणि हिंजवडीतली वाहतूक कोंडी त्याहून अधिक खुपते. पण मला खरा तोटा निराळाच वाटतो. मोठ्या कंपनीत काम फार बारीक तुकडे करून वाटलेले असते. परदेशातील एका विमा कंपनीच्या प्रणालीचा एकच भाग मी सात वर्षे सांभाळला: हप्ता थकला की विमाधारकाला जाणारे पत्र तयार करणारा. तो भाग मला तोंडपाठ आहे, पण त्या ज्ञानाला बाहेर विचारणारे कोणी नाही, आणि ही गोष्ट चाळिशी ओलांडल्यावर ध्यानात येते. तोवर गृहकर्जाचे हप्ते चालू असतात आणि मुले शाळेत असतात.

अशा वयात प्रकल्प संपला, म्हणजे काय होते, ते गेल्या वर्षी जवळून पाहिले. माझ्या शेजारी बसणारा, १६ वर्षे नोकरी झालेला सहकारी दोन महिने बेंचवर, म्हणजे कोणत्याही प्रकल्पाविना, होता. एके दिवशी सकाळी ११ वाजता त्याला मनुष्यबळ विभागाने लहान खोलीत बोलावले. आजच राजीनामा दिलात तर अनुभवाचे प्रमाणपत्र स्वच्छ मिळेल, नाही तर कामगिरी असमाधानकारक असल्याचा शेरा पडेल, असे त्याला सांगण्यात आले. घरी एक फोन करून येतो म्हणाला, तेवढीही सवड मिळाली नाही. एकच्या आत लॅपटॉप जमा झाला आणि त्याचे ओळखपत्र दारावर चालेनासे झाले. त्याचा जेवणाचा डबा टेबलावरच राहिला होता. तो मी फाटकापाशी नेऊन दिला.

औद्योगिक विवाद कायदा, १९४७ नुसार किमान एक वर्ष सलग सेवा झालेल्या कामगाराची छाटणी करायची तर महिन्याची नोटीस आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता आली आणि तिच्यातही ही तरतूद आहे. १६ वर्षांचा हिशेब केला तर ही रक्कम सुमारे आठ महिन्यांच्या पगाराएवढी होते. राजीनामा दिलेल्याला मात्र ती लागू नाही, आणि म्हणूनच तो मागून घेतला जातो, अशी माझी खात्री आहे. शिवाय व्यवस्थापकीय काम करणारे आणि महिन्याला १८ हजारांहून अधिक पगाराचे पर्यवेक्षक संहितेनुसार कामगार ठरत नाहीत. दिवसभर स्वतः कोड लिहिणारा टीम लीड यात कुठे बसतो, याचा वाद कोर्टात जाऊन लढण्याइतके बळ नोकरी गेलेल्या माणसाकडे नसते.

जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने सुमारे १२ हजार, म्हणजे दोन टक्के, कर्मचारी कमी करणार असल्याचे सांगितले. तो आकडा जाहीर झाला म्हणून त्यावर चर्चा तरी झाली. एकेकट्याला खोलीत बोलावून घेतलेले राजीनामे कुठल्याच आकड्यात येत नाहीत. दहा वर्षांहून अधिक सेवा झालेल्या कर्मचाऱ्याने कार्यालयात बसून दिलेला राजीनामा किमान सात दिवस तरी मागे घेता यावा, आणि अशा राजीनाम्यांची संख्या कंपन्यांनी दर तिमाहीला कामगार आयुक्तालयाला कळवावी, एवढा नियम राज्य सरकारने करावा, अशी माझी मागणी आहे.

बार्शीच्या पालकांना मी अजूनही मोठी कंपनीच सुचवतो. पहिल्या सात-आठ वर्षांत तिथे जे शिकायला मिळते, ते अन्यत्र मिळणे कठीण. मात्र एकाच प्रकल्पात तीन वर्षांहून अधिक काळ राहू नये आणि २० वर्षांचे कर्ज त्या एका पगारावर काढू नये, हेही सांगतो. आपल्या वृत्तपत्राने संहितेतील या तरतुदी एखाद्या जाणकार कामगार वकिलाकडून सोप्या भाषेत समजावून द्याव्यात, ही विनंती.

आपला,
एक वाचक, वाकड, पुणे