सातबाऱ्यावरचा बोजा

चि. निखिल,

अनेक आशीर्वाद.

थँक्सगिव्हिंगच्या जेवणावरून तू आणि इरा, दोघं भावंडं, उठलात ते एकमेकांशी न बोलताच. बाबा म्हणाले, जाऊ दे, दोन दिवसांत विसरतील. पण निघताना तू मला वाकून नमस्कार केलास तेव्हाही तुझा चेहरा ताठच होता, तो माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. फोनवर तू भरभर बोलतोस आणि मला ऐनवेळी काही सुचत नाही. म्हणून लिहायला बसले. चौथीपर्यंत नाशिकला मराठी शाळेत होतास, वाचता येईल. सावकाश वाच.

आधी तुझं म्हणणं मांडते, चुकलं तर सांग. शिकागोजवळच्या तुमच्या इव्हान्स्टनची नगरपालिका कृष्णवर्णीय रहिवाशांना घरासाठी 25,000 डॉलर देते. तू तिथे घर घेतलंयस, टॅक्स भरतोस. आपण या देशात आलो 2006 साली. आपल्यातल्या कुणी गुलाम ठेवले नाहीत, कुणाला घरातून हाकललं नाही. मग रंग बघून पैसे वाटणं हाही भेदभावच, आणि त्याचा भार आपण का उचलायचा? कॉलेजच्या प्रवेशातही रंगच बघत होते, असंही तुझं म्हणणं. यावर इरा तुला स्वार्थी म्हणाली. ते तिचं चुकलं, मी तिला तसं सांगितलंय. तुझा प्रश्न न्यायाचा आहे.

निफाडच्या आजोबांनी दोन एकर विकत घेतली होती ती गोष्ट तू ऐकलेली नाहीस बहुतेक. मी तेव्हा सातवीत होते. पैसे देऊन झाले, खरेदीखत झालं, आणि नावावर करायला गेले तर सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ या रकान्यात आधीच्या मालकाचं सोसायटीचं कर्ज. विकणाऱ्याने ते फेडलंय असं सांगितलं होतं. आजोबा महिनाभर धुमसत होते. आजी म्हणायची, ज्याने कर्ज काढलं त्याच्या दारात जाऊन बसा. ते गेलेही, पण तो माणूस तोवर गाव सोडून गेला होता. शेवटी दोन हंगामांच्या कांद्याचे पैसे त्यात गेले. कुणी विचारलं तर एवढंच म्हणायचे, ‘कर्ज माझं नाही, पण जमीन माझी आहे.’ त्यांनी स्वतःला कधी चोर मानलं नाही आणि बोजाकडे डोळेझाकही केली नाही. गेले दोन आठवडे मला ते सारखे आठवतायत, कारण आपल्या या मिनियापोलिसच्या घराच्या कागदांतही तसंच काहीतरी निघालं.

मिनेसोटा विद्यापीठातल्या लोकांनी या शहरातली हजारो जुनी खरेदीखतं तपासून एक नकाशा केलाय. कुठल्या घराच्या खतात ‘गोऱ्यांखेरीज कुणाला विकायचं नाही’ अशी अट होती, ते त्यात दिसतं. तू गेल्यावर रात्री मी आपला पत्ता टाकला. आपलं घर त्यात आहे. मग मूळ खताची प्रत मागवली. 1927 सालची, टाइप केलेली, अक्षरं थोडी पुसट. कुंपणाची उंची किती, रस्त्यापासून घर किती फूट आत हवं, असल्या साध्या अटी आहेत, आणि त्यांच्याच रांगेत, त्याच शाईत: ही जागा पूर्णपणे गोऱ्या रक्ताच्या नसलेल्या कुणालाही कधीही विकता, भाड्याने देता किंवा राहायला देता येणार नाही. घरकामाचा नोकर असेल तर चालेल. मी स्वयंपाकघरात उभी राहून वाचत होते. याच ओट्यापाशी, निखिल. त्या अटीप्रमाणे या ओट्यापाशी मी भांडी घासायला उभी राहू शकले असते, मालकीण म्हणून नाही.

ती अट आता निरुपयोगी आहे. असल्या अटी कोर्टांनी अमलात आणू नयेत असं सुप्रीम कोर्टाने 1948 मध्ये सांगितलं, आणि 1968 मध्ये, डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवडाभरात, घर विकताना रंग पाहणंच कायद्याने बंद झालं. पण 1948 पर्यंत, आणि खरं म्हणजे 1968 पर्यंत, जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. केंद्र सरकारच्याच संस्थेने 1930च्या दशकात शहरांचे नकाशे रंगवले, कृष्णवर्णीय वस्त्या लाल केल्या, आणि तिथे कर्ज देणं धोक्याचं ठरवलं. महायुद्धावरून परतलेल्या सैनिकांना सरकारी हमीवर घरकर्ज मिळालं, ते कागदावर सगळ्यांना होतं. 1947 मध्ये मिसिसिपीतल्या काही शहरांत अशी तीन हजारांवर कर्जं दिली गेली, त्यांतली कृष्णवर्णीय सैनिकांना किती? 2.

आता आपलंच बघ. इव्हान्स्टनच्या फ्लॅटचं डाऊन पेमेंट तू कुठून भरलंस? बाबांनी या घरावर कर्ज काढून तुला दिलं. हे घर आम्ही 2010 मध्ये पडत्या किमतीत घेतलं, त्याची किंमत वाढली, ती वाढ तुझ्या हातात आली. यात काही गैर नाही, सगळे आईबाप असंच करतात. पण ज्याच्या आजोबांना घरच घेऊ दिलं नाही, त्याच्या बापाकडे कर्ज काढायला काय असणार? फेडरल रिझर्व्हच्या 2022च्या पाहणीत गोऱ्या कुटुंबाची मध्यक (म्हणजे बरोबर मधल्या कुटुंबाची) संपत्ती 2,85,000 डॉलर होती, कृष्णवर्णीय कुटुंबाची 44,900. ही दरी पगारावरून समजत नाही. संपत्ती घराघरांतून खाली येते, जशी ती आपल्या घरातून तुझ्यापर्यंत आली.

माझ्याबरोबर लॅबमध्ये एक बाई आहेत, माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या. बर्फात बस बंद असली की त्या मला गाडीतून सोडतात. सेंट पॉलमध्ये हायवे 94 वरून जाताना एका ठिकाणी त्या दरवेळी डाव्या लेनकडे बोट दाखवून म्हणतात, ‘हे आमच्या आजीचं स्वयंपाकघर.’ तिथे राँडो नावाची कृष्णवर्णीयांची नांदती वस्ती होती. हायवे तिच्या बरोबर मधून काढला, सहाशेच्या आसपास कुटुंबांची घरं गेली. आजीला जो मोबदला मिळाला त्यात पुन्हा घर घेणं जमलं नाही, आणि चांगल्या वस्तीत घेऊही दिलं नसतं. ती शेवटपर्यंत भाड्याच्या घरात राहिली. हे त्या रागाने सांगत नाहीत. रस्त्याकडे बघत सांगतात आणि मग रेडिओ लावतात.

तू म्हणशील, मान्य, पण मी यात कुठे येतो? इथेच तुझी आणि माझी वाट वेगळी होते. तुला कुणी देणेकरी म्हणत नाही. देणेकरी आहे सरकार आणि नगरपालिका, आणि सरकार मरत नाही. जपानी वंशाच्या सुमारे 1,20,000 लोकांना महायुद्धात छावण्यांत डांबलं, त्यानंतर 1988 मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी कायद्यावर सही केली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला माफीसह 20,000 डॉलर दिले. तेव्हाचे करदाते काही छावणीचे पहारेकरी नव्हते. आणि भरपाईची कल्पना या देशाला परकी आहे असंही नाही. वॉशिंग्टनमध्ये 1862 साली गुलाम मुक्त केले तेव्हा माणसामागे 300 डॉलरपर्यंत भरपाई सरकारने दिली. पण ती मालकांना दिली. ज्यांनी आयुष्यभर फुकट राबून दिलं त्यांना नाही. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बाहेर फिरून आले.

इव्हान्स्टनबद्दल तू ‘नुसता रंग बघून’ म्हणालास, ते बरोबर नाही. ज्या कृष्णवर्णीय माणसाने 1919 ते 1969 या काळात त्या गावात मोठेपणी वास्तव्य केलं तो, किंवा त्याचे थेट वारस, यांनाच ते आहे. कारण त्या पन्नास वर्षांत त्यांना पश्चिमेच्या एका कोपऱ्यात कोंडण्यात तुमच्या नगरपालिकेचाही हात होता. पैसा गांजाच्या विक्रीवरच्या आणि महागड्या घरांच्या खरेदी-विक्रीवरच्या करातून येतो, तुझ्या घरपट्टीतून नाही. पहिल्या फेरीत 16 जणांची नावं सोडतीने काढली, आपल्याकडे म्हाडाची निघते तशी. तुझ्या गल्लीत राहणाऱ्या ऐंशी वर्षांच्या माणसाला छप्पर दुरुस्त करायला मिळालेले ते पैसे असतील. 2024 मध्ये योजनेविरुद्ध फेडरल कोर्टात दावा लागला तो तुला ठाऊक आहेच. दावा करणाऱ्यांचा मुद्दा मी फेटाळून लावत नाही. वारसदार ठरवताना तरी प्रत्येकाला स्वतःचं नुकसान वेगळं सिद्ध करायला लावावं का, हा खरा प्रश्न आहे. मला वाटतं नगरपालिकेने केलेलं नुकसान नगरपालिकेच्या नोंदींतून दिसतं तेवढं पुरे.

आता कॉलेजचं. तुझ्या पहिल्या पसंतीच्या कॉलेजने 2014 मध्ये नकार दिला, त्या एप्रिलमध्ये तू चार दिवस नीट जेवला नाहीस. ते दुःख या सगळ्याच्या तळाशी आहे, हे मला कळतं. हार्वर्डच्या खटल्यात बाहेर आलं की आशियाई मुलांना व्यक्तिमत्त्वाचे गुण सरासरीने कमी पडत होते. ते मला अजिबात पटलेलं नाही आणि त्याचं समर्थन मी कुणापुढे करणार नाही. पण बघ ना, हे असं का झालं. आपल्या राज्यघटनेत मागासांसाठी खास तरतूद करता येईल असं 15(4)मध्ये लिहिलंय. इथे तसं कलम नाही. 1978 च्या ‘बाकी’ (Bakke) नावाच्या प्रवेशाच्या खटल्यापासून कॉलेजांना ‘समाजाने केलेला जुना अन्याय भरून काढतोय’ असं सांगायची सोय राहिली नाही, ‘वर्गात विविधता हवी’ एवढंच कारण चाललं. त्यामुळे 45 वर्षं भरपाईचं बोलणं विविधतेच्या नावाने चाललं, आणि विविधता म्हटलं की मग तुझ्यासारखी मुलं ‘जास्त झालीत’ असं ठरवता येतं. 29 जून 2023 ला सुप्रीम कोर्टाने प्रवेशात असा वंश बघणंही बंद केलं. माझं मत विचारशील तर कॉलेजच्या दारात हे भांडण नेणंच चुकलं. इजा घराला झाली होती. औषध घराला हवं होतं.

अजून एक, आणि हे मी इरालाही सांगितलंय. भगतसिंग थिंद नावाचा पंजाबी माणूस, पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होता. 1923 मध्ये त्याच्या नागरिकत्वाचा खटला सुप्रीम कोर्टात गेला, आणि त्याची बाजू अशी मांडली गेली की हा उच्च जातीचा आर्य आहे, म्हणून गोरा. जातीचा आधार घेऊन त्याने दार ठोठावलं. कोर्टाने नाही म्हटलं, आणि आधी नागरिक झालेल्या कित्येक भारतीयांचं नागरिकत्वही मग काढून घेतलं. 1946 नंतरही वर्षाला 100 भारतीयांनाच जागा होती. बाबा ज्या दारातून आत आले ते 1965 च्या कायद्याने उघडलं, आणि तो कायदा झाला तो ज्या वर्षांत कृष्णवर्णीय लोक रस्त्यावर मार खात होते त्या वर्षांत. आपल्याला जागा करून देणाऱ्यांत राँडोची माणसंही होती.

आपल्या खतातली ती अट मी रद्द करायला दिलीय. राज्याच्या 2019 च्या कायद्याने ते करता येतं, शहर त्यासाठी मदत करतं. अट खोडत नाहीत, ती तशीच राहते आणि ती मान्य नाही असं सांगणारा कागद तिच्यासोबत नोंदला जातो. बाबांची सही झाली, माझीही झाली.

मेमध्ये येशील ना? 46वा रस्ता आणि कोलंबस अव्हेन्यूच्या कोपऱ्यावर आर्थर आणि इडिथ ली या कृष्णवर्णीय जोडप्याचं घर आहे. 1931 मध्ये त्यांनी ते घेतलं, तर हजारोंचा जमाव आठवडेच्या आठवडे बाहेर उभा राहिला. आर्थर पोस्टात कामाला होता, फ्रान्समध्ये लढून आला होता. मी आजवर तिथून फक्त गाडीने गेलेय. चालत जाऊ. इरालाही सांगितलंय, ती यायला तयार आहे. तुझ्याशी बोलायला तयार आहे की नाही, ते अजून तिने सांगितलेलं नाही. शिंगोळे करून ठेवते.

तुझी,
आई