रेडिओ केंद्रात रात्री माणूस हवा

महोदय,
प्रादेशिक खासगी रेडिओ केंद्र मोठ्या समूहाने विकत घेतले, की आधी नाव बदलते आणि मग स्टुडिओ ओस पडतो. ब्रिटनमध्ये बाउअर समूहाने २०१९मध्ये घेतलेल्या छोट्या केंद्रांपैकी बरीचशी सप्टेंबर २०२०मध्ये ‘ग्रेटेस्ट हिट्स रेडिओ’ या समूहाच्याच जाळ्यात विरून गेली.

अमेरिकेचा अनुभव तर अंगावर काटा आणणारा आहे. १९९६च्या कायद्याने देशभरातील केंद्रांच्या मालकीवरची मर्यादा उठली आणि क्लिअर चॅनल या एकाच कंपनीकडे हजाराहून अधिक केंद्रे गेली. १८ जानेवारी २००२ रोजी मध्यरात्रीनंतर नॉर्थ डकोटातील मायनॉटजवळ मालगाडी घसरून अमोनिया वायू पसरला. शहरातली सहाही व्यावसायिक केंद्रे याच कंपनीची होती. घाबरलेल्या लोकांनी रेडिओ लावला, पण धोक्याची सूचना वेळेवर मिळालीच नाही. दोष आपत्कालीन इशारा यंत्रणेचा की केंद्राचा, यावर पुढे वाद झाला. पण त्या रात्री लोकांना हवा होता तो आपल्या गावातून बोलणारा आवाज.

खर्च वाचवायला निवेदन आधीच ध्वनिमुद्रित करतात, हे समजू शकते. पण परवाना त्या गावासाठी दिलेला असतो. तेव्हा मालक बदलला तरी रोज काही तास स्थानिक थेट प्रसारण आणि रात्री फोन उचलणारा माणूस, या दोन अटी परवान्यात असायलाच हव्यात.

– एक श्रोता