शुभे, गाळवाली बाई नाहीये

पुणे, बुधवार रात्र

प्रिय शुभे,

दिवाळीनंतर मी एकदाही फोन केला नाही आणि तू केलेले दोन उचलले नाहीत, त्याबद्दल हव्या तेवढ्या शिव्या घाल, पण आधी हे वाच. व्हॉट्सॅपवर लिहायला घेतलं होतं, तीनदा पुसलं. तुझ्याशिवाय कुणाला सांगू, घरात सांगितलं तर दोघंही "बरं मग?" म्हणाले.

आत्याची ती पुरात भिजलेली रेकॉर्ड, आपण जिला गाळवाली म्हणायचो, तिच्यावर गाणारी बाई नाहीये गं. पुरुष आहे.

आत्याचा फोनो (तो चावीचा ग्रामोफोन) पळतोय, असं तू १९८८ साली आत्याच्या माजघरात उभी राहून जे म्हणाली होतीस आणि ज्यावरून मी तुझ्याशी तीन महिने बोलले नव्हते, ते खरं होतं. रविवारी कळलं मला. तेव्हापासून धड झोप नाही.

नीट सांगते. आमच्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट एकदाचं ठरलं. आठ वर्षं नुसत्या मीटिंगा, कुलकर्णी काकांची भाषणं, सगळं झालं आणि आता पुढच्या महिन्याच्या १५ तारखेला घर रिकामं करून द्यायचंय. तोवर वारज्याला भाड्याचं टूबीएचके, तीन वर्षं म्हणतायत, म्हणजे चार धर. आणि तिथे या सगळ्या रेकॉर्ड ठेवायच्या कुठे? मोजल्या मी बसून. ३१२ एलपी, ८६ ईपी, आणि ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या लाखेच्या, ५४, त्यातल्या ११ आत्याच्या. तू नाशिकला जाताना माझ्याकडे टाकून गेलीस त्या ४० यात धरलेल्या आहेत, तुझ्या नाहीत असं कधी म्हटलं नाही मी. कपाटाची खालची फळी वाकलीये वजनानं. नवीन घरात त्या भिंतीच्या जागी सरकती काच आहे, पश्चिमेची, म्हणजे दुपारभर ऊन. तिथे ठेवल्या तर एप्रिलमधे सगळ्यांचे पापड होतील.

पॅकर्सचा माणूस अंदाज घ्यायला आला होता, त्यानं माझ्या डोळ्यांदेखत वीस एलपी एकावर एक आडव्या रचल्या आणि म्हणाला असं बसवतो बघा ताई, जागा वाचते. माझा जीव वर आला. उभ्या ठेवायच्या दादा, पुस्तकासारख्या, म्हटलं. गीतरामायणाच्या सेटचं काय झालं तुला आठवतंय ना, दहातली एक रेकॉर्ड एक उन्हाळाभर खिडकीशी राहिली आणि अजून सुई तिच्यावर होडीसारखी वरखाली होते. आई ते सगळं रेडिओवर ऐकलेली, १९५५च्या रामनवमीपासून दर आठवड्याला पुणे केंद्रावर एक गाणं, अशी ५६ गाणी, ती कुणाच्या तरी घरी पाटावर बसून ऐकायची. त्या रेकॉर्डला बाक आला तेव्हा ती मला काही बोलली नाही, नुसती बघत राहिली, ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

मधे एक मुलगा येऊन गेला, बाणेरला कॅफे काढतोय. त्याला कव्हरं हवी होती, भिंतीला लावायला. आणि आतल्या रेकॉर्डचं काय करणार, तर म्हणे त्याची घड्याळं करून मिळतात. चांगला होता पोरगा, नमस्कार वगैरे केला वाकून. चहा दिला आणि पाठवला. शुभे, आपण बुधवार-रविवार जुन्या बाजारात उकिडवं बसून, भंगाराच्या, जुन्या नटबोल्टांच्या आणि फुटक्या कपबश्यांच्या ढिगातून एकेक ओढून काढली. लोक कॅसेट घेत होते आणि रेकॉर्ड पोत्यानं काढत होते. पाच रुपयाला एक, तीन घेतल्या तर बारा. घरी सांगायचं लायब्ररीत होतो. तुझ्या सलवारीला ग्रीस लागलेलं तुझ्या आईनं पकडलं तेव्हा तू म्हणालीस सायकलची चेन, आणि तुझ्याकडे सायकल नव्हती! ते भिंतीवर खिळे मारून लावायचं?

श्रीकांतचं म्हणणं, निवडक पन्नास ठेव. रोहन म्हणतो आई सगळं फोनवर आहे. सगळं नाहीये हे त्याला पटत नाही. मी त्याला म्हटलं, भास्करबुवा बखले ऐकव. आपण ज्या भारत गायन समाजात पेटी शिकायला जायचो तो त्यांनी काढलेला, १९११ साली. त्यांच्या गाण्याच्या गोष्टी ऐकत पुण्यातल्या चार पिढ्या वाढल्या, आणि एक रेकॉर्ड नाही माणसाची. कुणी तीन मिनिटं तरी धरून ठेवली असती तर? तो गप्प बसला. पोरगा गुणी आहे, दुसऱ्या आठवड्यात कुठूनसा ७८वर चालणारा टर्नटेबल घेऊन आला मित्राचा, जाड खाचांची सुई वेगळी लावलेली, म्हणाला आत्याआजीच्या अकरा तरी कॉम्प्युटरवर घेऊन ठेवू, हलवाहलवीत फुटल्या तर?

तर रविवारी दुपारी गाळवाली लावली.

शुभे, पहिला सूर लागला आणि मी म्हटलं, रोहन हे मशीन हळू फिरतंय. कारण ती नव्हतीच. कुणीतरी पुरुष गात होता, बारीक, गोड आवाजाचा, पण पुरुष. तीच तान, तोच तो दुसऱ्या अंतऱ्याच्या आधी घेतलेला श्वास, मागे तीच पेटी. आणि बाई गायब. माझ्या अंगावर काटा आला अक्षरशः. रोहन म्हणाला मशीन बरोबर आहे. मी म्हटलं शक्यच नाही.

मग त्यानं प्रिंट काढला, गोल कागद, कडेनं ७७ काळ्या रेघा. आपली वीज ५० हर्ट्झची, चोकवाली जुनी ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, त्या उजेडात ७८च्या स्पीडला या रेघा जागच्या जागी उभ्या दिसतात. एलईडीत नीट दिसत नाही म्हणून ते धूड उचलून जिन्यातल्या ट्यूबखाली नेलं, वरच्या वहिनी भाजी घेऊन येत होत्या, त्यांना वाटलं आम्ही काही पूजा मांडलीये. रेघा उभ्या. एकदम शांत. मग आत्याचा फोनो आणला, चावी दिली, तोच कागद ठेवला, आणि रेघा पळायला लागल्या पुढे. कडेला पांढरा कागदाचा कपटा चिकटवून मिनिटभर मोजलं मी, दोनदा. नव्वद. ७८च्या जागी नव्वद!

म्हणजे आपण आयुष्यभर तिला, त्याला, नव्वदवर ऐकत होतो.

आता तुझी पेटी आठव. तू आत्याकडे पेटी घेऊन आली होतीस मुद्दाम, रिक्षाचे पैसे घालून, आणि म्हणालीस मंजू, हा सूर काळी चार आणि पांढरी सहाच्या मधे पडतोय, असा सूर कुणी लावत नाही, मागे पेटी वाजतेय ना त्याच्या, पेटीला मधली पट्टी कुठून येणार, तुमचा फोनो पळतोय. आणि मी म्हटलं तुझी पेटीच बेसूर आहे. हे मी बोलले. रविवारी रोहनच्या फोनवर सूर बघितला, काळी तीन. स्वच्छ काळी तीन. आणि आपल्याला वाटायचं की ही बाई तीन मिनिटंही गात नाही, घाईत आटपते, तर त्या मशीनवर पूर्ण ३ मिनिटं २० सेकंद. तो घाईत नव्हताच गं. सम गाठायला त्याच्याकडे भरपूर वेळ होता. आपणच त्याला पळवत होतो.

आणि कारण काय माहितीये? पानशेतचा पूर. फोनो रोहननं उघडला. आत चकतीवर घासून वेग धरणारी एक छोटी फेल्टची गादी असते, ती जागेवर नाही, नुसता काळा चिकटा. ती झिजली की चकती मोकळी सुटते आणि मशीन पळतं. आणि त्या खोबणीत, दाताच्या कोरणीनं काढावा लागला इतका, वाळलेला गाळ. १२ जुलै १९६१चा. बोटावर घेतला मी तो. नदीचा वास वगैरे काही नाही, नुसती करडी पूड, बोटावर चोळली की गुळगुळीत.

आत्या त्या घरी येऊन दोनच वर्षं झाली होती. सासऱ्यांचा फोनो, बायकांनी हात लावायचा नाही, दार बंद करून ऐकायचे म्हणे. ते गेले आणि वर्षात पूर आला, नारायण पेठेतलं घर, पाणी पहिल्या मजल्यावर. उतरल्यावर आत्यानं ट्रंक उघडली आणि एकेक प्लेट (ती कधी रेकॉर्ड म्हणाली नाही) नळाखाली धरून धुतली, बाजेवर वाळत घातली. लाखेच्या प्लेटा, पाण्यानं काही झालं नाही त्यांना, पण लेबलं सगळी निघून गेली. म्हणून तिलाही माहीत नव्हतं कोण गातंय. पुरानंतर ज्या मशीनवर तिनं पहिल्यांदा ऐकलं ते मशीन पुरातूनच निघालेलं. म्हणजे हा माणूस आत्यासमोर कधी पुरुष म्हणून गायलाच नाही. आणि तिची ताकीद, माझ्या प्लेटा माझ्याच मशीनवर वाजतील. ती ताकीद मी ती गेल्यावरही पाळली. एकदा जरी मोडली असती!

तू मात्र एक मोडलीस, ते मी विसरले नाहीये. स्पिरिटनं पुसलीस बया, बारा नंबरची, आणि कापूस काळा झाला. लाख स्पिरिटमधे विरघळते, फर्निचरचं पॉलिश तसंच तर करतात, एवढं शास्त्र शाखेला जाऊन कळलं नव्हतं तुला. म्हणून बाराच्या अकरा झाल्या. ती बारावी मी टाकलेली नाही, अजून आहे, खरखर सोडून काही ऐकू येत नाही. फिटंफाट झाली असं समज.

कोण आहे ते अजून कळलेलं नाही. लेबलाच्या जागेच्या कडेला नंबर कोरलेला आहे, मोबाईलचा टॉर्च तिरका धरला की दिसतो, पण शेवटचे दोन आकडे घासलेत, एक सात आहे की एक तेच कळत नाही. आधीच्या काळातले लोक बरे, गौहरजान १९०२ सालच्या रेकॉर्डच्या शेवटी स्वतःचं नाव ओरडून सांगते, कारण तेव्हा रेकॉर्ड जर्मनीत हॅनोव्हरला छापायच्या, तिकडच्यांना कळावं कुणाची कुठली म्हणून. मग १९०८ला कलकत्त्यात कारखाना निघाला आणि पुढे ती पद्धत गेली. यानं सांगितलं असतं नाव तर तुझंमाझं भांडण तिथेच मिटलं असतं. तू म्हणाली होतीस बालगंधर्व नव्हेत पण त्या छायेत वाढलेला कुणीतरी आहे. आता ऐकून मला पण तसंच वाटतंय, पण तू ऐकल्याशिवाय मी काही मानणार नाही.

आता माझा खरा घोर. मशीन दुरुस्त करायचं का? रोहन म्हणतो दहा मिनिटांचं काम आहे, फेल्टचा तुकडा चिकटवायचा, स्क्रू फिरवायचा, झालं. बरोबर आहे त्याचं. ज्यानं गायलंय त्याला त्याचा आवाज परत मिळायला हवा, इतकी वर्षं आपण तो हिरावून घेतला. पण मग ती कुठे जाईल? आत्या श्रावणात दुपारी जिच्याबरोबर गुणगुणायची ती, वाती वळताना, त्याच चढ्या सुरात, कारण तिचा गळाच तिथे जाऊन बसला होता. मी रोहनच्या पोटात असताना जी रोज ऐकली ती. ती तर कुठे छापलेलीच नाही, ती फक्त या बिघडलेल्या मशीनमधे आहे. फेल्ट लावलं की संपली. रोहन म्हणतो कॉम्प्युटरवर स्पीड वाढवून देतो, तीच येईल. दिला करून. आवाज तिचाच आहे, मान्य, पण चावी उतरत आल्यावर शेवटच्या ओळीला ती जराशी खाली यायची ना, दमल्यासारखी, ते नाही त्यात. मी रात्री दोन्ही ऐकते आलटून पालटून. श्रीकांतला वाटतं घर सुटतंय म्हणून मी अशी झालीये. असेलही. पण घराचं मला इतकं नाही, खरंच नाही.

एलपी-ईपीचं जमेल. दोनशे दादाच्या औंधच्या घरी, उत्तरेची खोली आहे, मी कपाट घेऊन देते म्हटलंय. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी जाऊन बघायला लागेल, गेल्या वर्षी बुरशीनं पांढरे ठिपके धरले होते. तुझ्या चाळीस तू घेऊन जाशील का हे सांग, की ठेवू?

बरं, सानिकाच्या बाळाचे फोटो बघितले, कान तुझे आहेत. भाऊजींच्या अँजिओप्लास्टीच्या वेळी मी यायला हवं होतं, त्यावर प्रत्यक्ष बोलू. निखिलला नोकरी लागली ना? माझं बीपी गोळीवर, गुडघा आहे तसाच.

गाळ काढल्यापासून मशीनला मी परत हात लावू दिलेला नाही. रोहनला सांगितलंय शुभामावशी येईपर्यंत परत कुणी उघडायचं नाही. १५च्या आत ये, शनिवारी सकाळच्या शिवनेरीनं निघालीस तर जेवायला पोचशील, रविवारी जुन्या बाजारात पण जाऊन येऊ. आधी नव्वदवर ऐकू, मग अठ्ठ्याहत्तरवर, आणि मग तू सांग फेल्ट लावायचं की नाही. तू म्हणशील ते. या वेळी भांडणार नाही.

आणि येताना पेटी आण, तीच, जुनी.

तुझी,
मंजू