ओ-यू-जी-एच : एका विसर्गाची गोष्ट

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. ओ-यू-जी-एच या चार अक्षरांना इंग्रजीत काही धरबंधच नाही, मुलांना पाठ करायला सांगायचं आणि पुढं जायचं, असं तू लिहिलंयस. वर्गात काय त्रेधा उडत असेल ते कळतं मला. तरीही घाईनं पुढं जाऊ नकोस. सगळ्या इंग्रजी स्पेलिंगांत मला सर्वांत जवळची वाटणारी जागा हीच आहे, म्हणून आज एवढ्याच विषयावर लिहितोय.

तक्रार खरी आहे. 'रफ', 'टफ', 'इनफ' यांच्या शेवटी फ. 'कॉफ'मध्येही फ, पण स्वर वेगळा. 'थ्रू'मध्ये नुसता ऊ, 'जरी' या अर्थाच्या 'दो'मध्ये ओ, नांगराच्या 'प्लाऊ'मध्ये आऊ, 'थॉट' आणि 'ब्रॉट'मध्ये ऑ. आणि या सगळ्यांत अक्षरं तीच, त्याच क्रमानं. आता आयर्लंडमधली तळ्यांची नावं बघ. तिथं तळ्याला 'लॉख' म्हणतात, स्पेलिंग एल आणि पुढं हीच चार अक्षरं. त्यातला ख आपला नाही, घशातून घासत येणारा आहे. सगळ्या कोड्याची किल्ली त्या ध्वनीत आहे.

हा ध्वनी आपल्या व्याकरणकारांना चांगला माहीत होता. क किंवा ख यांच्या आधी विसर्ग आला की तो जिभेच्या मुळाशी घासून उच्चारायचा, त्याला जिह्वामूलीय म्हणतात. 'दुःख' शब्दातला विसर्ग शास्त्रशुद्ध म्हणून बघ, तोच तो. जुन्या इंग्रजीत हा ध्वनी जागोजागी होता आणि लिहायला साधा एच पुरायचा. रात्रीचा 'नाइट' तेव्हा एन-आय-एच-टी असा चारच अक्षरांत लिहीत. 1066 साली फ्रान्समधले नॉर्मन इंग्लंड जिंकून आले, फ्रेंच वळणाचे लेखनिक आले, आणि हळूहळू त्या एचच्या जागी जी-एच लिहायची रीत पडली. म्हणजे हा जी-एच उगाच घुसलेला नाही. तिथं खरोखरच काहीतरी उच्चारलं जात होतं.

आता मला सर्वांत आवडणारा भाग. इंग्रजी 'नाइट' आणि संस्कृत 'नक्त' एकाच मुळाचे, आणि 'नक्त'मध्ये जिथं क आहे तिथंच इंग्रजीत जी-एच आहे. 'डॉटर' आणि 'दुहिता' बघ, ह-च्या जागी जी-एच. 'एट' आणि 'अष्ट' बघ, ष-च्या जागी जी-एच. जर्मन लोक आजही 'नाख्ट', 'टोख्टर', 'आख्ट' म्हणतात, तो ध्वनी स्पष्ट ऐकू येतो. स्कॉट बोलीतही 'निख्ट' टिकून आहे. उच्चारात आता नसलेला हा जी-एच कागदावर नसता, तर 'डॉटर'चं 'दुहिता'शी असलेलं नातं नुसत्या डोळ्यांना दिसलंच नसतं.

मग बिघडलं कुठं? साधारण पंधराव्या ते सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये हा ध्वनी मावळत गेला, पण सगळीकडे एकसारखा नाही. कुठं तो पार नाहीसा झाला, कुठं घशातून ओठांवर आला आणि फ झाला. प्रमाण भाषेनं एक शब्द या बोलीतून उचलला, दुसरा त्या बोलीतून. त्यात याच काळात स्वरही सरकत होते. 'थ्रू' आणि 'सखोल' या अर्थाचा 'थरो' हे तर मुळात एकाच शब्दाचे दोन अवतार. आणि नेमकं याच धामधुमीत, 1476 साली, विल्यम कॅक्स्टननं वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला. उच्चार अजून स्थिरावले नव्हते, पण छापील स्पेलिंगं हळूहळू पक्की होत गेली.

काही उपरेही आहेत बरं का. 'डिलाइट' फ्रेंचमधून आला, त्यात जी-एच कधीच नव्हता, 'लाइट'च्या संगतीनं लागला. 'हिकप'चं एक स्पेलिंग 'कॉफ' जोडून करतात, तेही असंच, उचकीचा खोकल्याशी संबंध लावून. 'घोस्ट'मधला एच बहुधा फ्लेमिश, म्हणजे आजच्या बेल्जियमकडच्या भाषेच्या वळणाचा, कॅक्स्टन तिथल्या ब्रुज शहरात बरीच वर्षं राहिला होता.

सुधारणेचे प्रयत्न झाले. 1906 साली अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी 300 शब्दांची सोपी स्पेलिंगं सरकारी छपाईत वापरण्याचा हुकूम काढला, पण काँग्रेसनं, म्हणजे तिथल्या संसदेनं, तो हाणून पाडला. 'शिकागो ट्रिब्यून' या वर्तमानपत्रानं 1934पासून 'थ्रू', 'दो' आखूड करून छापले आणि 1975 साली ते सोडून दिलं. अमेरिकेत नांगर मात्र डब्ल्यूनं संपतो. मला विचारशील तर तो हुकूम टिकला नाही याचा मला आनंद आहे. मुलांचे कष्ट वाचले असते हे खरं, पण 'दुहिता'सारखी नाती दाखवणारी एकेक खूण पुसली गेली असती.

वर्गात सुरुवात अशी कर. जी-एचनंतर टी आला की तो ध्वनी मुका: 'लाइट', 'राइट', 'एट', 'थॉट', 'कॉट'. शेकडो शब्द एका फटक्यात सुटतात, अपवाद थोडे, 'लाफ्टर' आणि ब्रिटिश स्पेलिंगचा 'ड्राफ्ट'. फ असलेले 'रफ', 'टफ', 'इनफ', 'कॉफ' निराळ्या रांगेत मांड. 'थ्रू', 'दो', 'प्लाऊ' तेवढे सुटे शिकव. ध्वनी कसा होता ते मुलांकडून म्हणवून घे, 'दुःख' म्हणायला लाव.

आणि शेवटी फळ्यावर 'लाफ्टर' लिही, म्हणजे हसू. मग त्याच्या आधी फक्त एक एस लाव. होतो 'स्लॉटर', म्हणजे कत्तल, आणि फ गायब. मुलं काय म्हणतात ते सविस्तर कळव.

तुझा,
अजित