विषय: रोजच्या दोन वॉकचे पैसे घेऊन कुत्रा खोलीतच ठेवला, त्याबद्दल तक्रार

प्रति,
मॅनेजर, बोर्डिंग विभाग

नमस्कार,

आधी एक गोष्ट क्लिअर करते कारण तुमच्या ऑफिसमधल्या माणसाने फोनवर मला परत परत तेच ऐकवलंय की मॅडम रूम तर एसी होती ना, बेड होता ना, जेवण वेळेवर दिलं ना. होती हो रूम एसी. माझी तक्रार रूमबद्दल नाहीचे. माझा कुत्रा घरी साध्या पंख्याखाली फरशीवर पसरतो, त्याला एसीचं काही पडलेलं नाही. मी पैसे मोजले ते त्याला रोज दोनदा बाहेर फिरवण्यासाठी, त्याची बिलात वेगळी लाइन आहे, रोजचे २५० रुपये, आणि ते काम झालेलंच नाही. बाकी सगळं बाजूला ठेवून याच्यावर बोला.

गणपतीत आम्ही नवऱ्याच्या गावी जातो, राजापूर तालुक्यात. बुवाला (लॅब्रेडॉर, पाच वर्षांचा, ३४ किलो, बुवा हे नाव सासऱ्यांनी ठेवलं कारण लहानपणी कीर्तनकारासारखा मान डोलवायचा) तिकडे न्यायची सोय नाही. रेल्वेत कुत्रा न्यायचा तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे आपल्या नावावर लागतो नाहीतर मग गार्डच्या डब्यातली पेटी, आणि गणपतीत कोकण रेल्वेचं साधं स्लीपर मिळायची मारामार तिथे कूपे कोण देतंय. कारने नेला असता पण घरात पाहुण्यांचा राबता, सोवळ्याचा स्वयंपाक, वाडीतली मोकळी कुत्री आणि वर फटाके, म्हणजे त्याचे हाल आणि आमचेही. म्हणून बोर्डिंग.

आणि बोर्डिंग मी डोळे मिटून नाही निवडलं. मुळशीपासून वाघोलीपर्यंत फोन केले, काही ठिकाणी स्वतः जाऊन आले. एका ठिकाणी आत सोडलंच नाही, रिसेप्शनवरूनच फोटो दाखवले, तिथूनच परत फिरले. एका ठिकाणी दुहेरी गेट नव्हतं, म्हणजे एक दार उघडलं की कुत्रा थेट रस्त्यावर. तुमच्याकडे हे सगळं नीट होतं हे मी आजही मान्य करते. गटारं झाकलेली, वास नाही, रात्री माणूस मुक्कामाला, लसीचं कार्ड बघितल्याशिवाय एंट्री नाही. तुम्ही अँटी रेबीज, नाइन इन वन (एकातच बऱ्याच आजारांची लस) आणि केनेल कफ (कुत्र्यांच्या संसर्गाच्या खोकल्याची लस) तिन्ही मागितलं तेव्हा मला बरंच वाटलं की हे लोक सिरीयस आहेत. ट्रायलला अर्धा दिवस ठेवला तेव्हा तर तुमच्याकडच्या पोराने त्याला लॉनवर बॉल टाकून टाकून दमवला, माझ्यासमोर. तिथेच मी ठरवलं.

आता फॉर्मबद्दल. तुमच्या फॉर्मला 'स्पेशल इन्स्ट्रक्शन' म्हणून चार ओळींची जागा आहे, मी मागचं पान भरून दिलं. सकाळ संध्याकाळ किमान अर्धा अर्धा तास चालवायचं. जेवल्यावर तासभर तरी पळवायचं नाही, मोठ्या छातीच्या कुत्र्यांचं पोट फुगून पीळ पडू शकतो आणि मग धावपळ करूनही जनावर हाती लागत नाही. साचलेल्या पाण्यात तोंड घालू द्यायचं नाही, पावसाळ्यात उंदरांच्या लघवीतून लेप्टोचा आजार पसरतो. आणि सगळ्यात शेवटी, खाली दोन रेघा मारून: बुवा छपराखाली शू शी करत नाही, बाहेर नेलं तरच करतो. पिल्लू असल्यापासूनची सवय आहे त्याला. तुमच्या मॅडमनी ते वाचून माझ्यासमोर म्हटलं, अरे वा किती गुणी बाळ. मग त्या गुणी बाळाला बाहेर काढायचं कोणी होतं?

आम्ही गावी असताना तुमच्याकडून व्हॉट्सॅपवर रोज व्हिडिओ येत होते, त्याखाली 'मॉर्निंग वॉक डन' आणि पंजाचा इमोजी. सुरुवातीला आम्ही सगळे खूश, सासूबाई तर येणाऱ्या जाणाऱ्याला दाखवत होत्या. मग गौरी जेवल्या त्या दिवशीचा व्हिडिओ आला. बुवा लॉनवर पळतोय, कडक ऊन, गवत कोरडं ठाक, सावली लांबच्या लांब. आणि इकडे नणंद कोथरूडहून पहाटेपासून फोटो टाकतेय की पाऊस थांबायचं नाव नाही, सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाणी आलंय. तुमची जागा आमच्या घरापासून काही दुसऱ्या जिल्ह्यात नाहीये, तेवढं ऊन तुमच्याच लॉनवर कुठून आलं. मग मी फोन जवळ घेऊन व्हिडिओ थांबवून थांबवून बघितला तर गळ्यात निळा पट्टा. बुवा तुमच्याकडे आला तो लाल हार्नेस घालून, तुमच्याच रजिस्टरमध्ये 'रेड हार्नेस एक, दोरी एक' अशी नोंद आहे, त्याचा फोटो माझ्याकडे आहे. निळा पट्टा त्याने ट्रायलच्या दिवशी घातला होता आणि त्यानंतर तो आमच्या घरी दारामागच्या खुंटीला लटकत होता. म्हणजे ट्रायलला काढलेलं शूटिंग तुकडे तुकडे करून रोज एक पाठवत होतात. राव, एवढी मेहनत एडिटिंगवर घेण्यापेक्षा कुत्रा फिरवला असता तर कमी वेळ लागला असता.

मी लगेच फोन केला. 'नेटवर्क प्रॉब्लेममुळे जुना व्हिडिओ गेला असेल मॅडम.' ठीक आहे म्हटलं, आत्ताचा पाठवा. आला तो रूममधला फोटो, तोही दाराच्या जाळीबाहेरून काढलेला.

घ्यायला आलो तेव्हाचं सांगते. मागच्या पंजांच्या बोटांमधले केस पिवळे पडलेले, पोटाखालचेही तसेच. दोन्ही कोपरांवरची कातडी सोलवटलेली, एका बाजूला ओलं. फिनेल आणि मुताचा एकत्र वास. तुमचं म्हणणं की 'कालच अंघोळ घातलीय', त्याचेही पैसे बिलात आहेत, असो. गाडीपर्यंत न्यायलाही थांबला नाही, गेटबाहेरच्या पहिल्या बाभळीला पाय वर केला आणि कितीतरी वेळ तसाच उभा. माझा नवरा तसा कोणाला काही बोलणारा माणूस नाही, तो परत आत गेला आणि त्याने रिसेप्शनवर काय सुनावलं ते तुमच्या लोकांना विचारा.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे नेला. थेंब थेंब शू करत होता आणि करताना कळवळत होता. तपासणीत युरिन इन्फेक्शन निघालं. पावसाळा म्हणून त्यांनी लेप्टोचीही टेस्ट करून घेतली, ती सुदैवाने निगेटिव्ह. डॉक्टरांनी सरळ सांगितलं की इन्फेक्शनला कारणं बरीच असतात, पण बाहेर शू करायची सवय असलेल्या कुत्र्याला कोंडून ठेवलं तर तो जीव जाईपर्यंत धरून ठेवतो आणि मग नाइलाजाने आत करून त्यातच बसतो, तर असं व्हायला वाव मिळतोच. कोपरांचं तर विचारायलाच नको, जड कुत्रा दिवसभर कडक फरशीवर पडून राहिला की तिथली कातडी जाते. म्हणजे तुमचा तो बेड फोटोपुरताच होता का हा अजून एक प्रश्न. अँटिबायोटिक चालू आहे. घरी आता दर थोड्या वेळाने दारापाशी जाऊन उभा राहतो, शू लागलेली नसते, नुसतं दार उघडतंय ना ते बघतो.

आता खरं कारण काय ते. तुमच्याकडे काम करणारा एक मुलगा, त्याचं नाव मी लिहिणार नाही आणि तुम्ही शोधायला जाऊ नका, मी सामान गाडीत ठेवताना म्हणाला, 'ताई, गणपतीत सगळ्या खोल्या फुल असतात, आम्ही दोघंच आहोत, खोल्या धुवायच्या का जेवण द्यायचं का फिरवायला न्यायचं. एकेकाला मागच्या गल्लीत पाच मिनिटं सोडतो, तेपण जमलं तर.' त्या पोरावर माझा जराही राग नाही. हिशोब तुम्हीच करून बघा. तुमच्या बोर्डवर ३० खोल्या लिहिल्यात. एका कुत्र्याला दोनदा अर्धा तास म्हणजे रोजचा एक तास. ३० कुत्र्यांचे ३० तास. माणसं दोन. म्हणजे प्रत्येकाने रोज १५ तास नुसतं चालायचं, आणि खोल्या, भांडी, औषधं, केस विंचरणं वेगळं. सगळे एकत्र सोडू म्हणाल तर तुमच्याच नियमात आहे की अनोळखी कुत्रे एकत्र सोडत नाही, आणि ते बरोबरच आहे, मारामाऱ्या होतात. मग हे गणित बुकिंग घेताना तुम्हाला माहीत नव्हतं असं मी कसं मानू? बुकिंग घेणाऱ्याला माहीत होतं की वॉक होणार नाहीये, तरी २५० ची लाइन टाकली.

मला सगळ्यात जास्त राग याचाच आहे. तुम्ही खरं सांगितलं असतं की सीझनला वॉक जमत नाही, फक्त खोली आणि जेवण, तर मी तुम्हाला वाईट म्हटलं नसतं. माझ्याकडे दुसरा पर्याय होता. आमच्या सोसायटीतला कॉलेजचा एक मुलगा एरवी बुवाला फिरवतो, तो घरी राहायला तयार होता, मीच म्हटलं नको, तिथे ट्रेनिंग घेतलेली माणसं आहेत. ज्यांचं कुत्रं आत फरशीवर शू करतं, म्हातारं आहे, फार चालत नाही, त्यांना तुमची जागा चालेलही. कोणाला काय लागतं ते ज्याचं त्याला ठरवू द्या ना, पण त्यासाठी माहिती खरी पाहिजे.

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा १९६० चा कायदा मी वाचला. कलम ११ मध्ये स्पष्ट आहे की नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणं हा मालकाचा गुन्हा, आणि त्याच कायद्यात 'मालक' म्हणजे ज्याच्या ताब्यात जनावर आहे तोसुद्धा, म्हणजे त्या दिवसांत तुम्ही. आता 'नेहमी' म्हणजे किती यावर वकील घोळ घालतील, आणि पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये, कित्येक दशकांपूर्वी ठेवलेला. माझ्याकडून घेतलेल्या एका दिवसाच्या वॉकच्या पैशात तुम्ही असे पाच दंड भरून मोकळे व्हाल. म्हणून मी तिकडे वेळ घालवणार नाही. हे सरळ सरळ पैसे घेऊन सेवा न देणं आहे आणि त्याला २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. मी राहते तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. त्याआधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करेन.

मला काय पाहिजे ते आता लिहिते, म्हणजे 'तुमची अपेक्षा काय आहे मॅडम' हा फोन परत नको. वॉकची पूर्ण रक्कम परत, अंघोळीचीही, आणि डॉक्टर, टेस्ट, औषधं यांची बिलं सोबत जोडलीत तो खर्च. 'पुढच्या वेळी दहा टक्के डिस्काउंट' ही जी ऑफर आली ती तुमच्याकडेच ठेवा, पुढची वेळ येणार नाहीये. आम्ही कुत्रा ठेवला त्या दिवसापासून नेला त्या दिवसापर्यंतचं कॉरिडॉर आणि मागच्या गेटचं सीसीटीव्ही फुटेज पुसू नका, मला कॉपी द्या. वॉक झाली असेल तर त्यात दिसेलच, मग मी हा मेल मागे घेऊन तुमची जाहीर माफी मागेन. आणि वेबसाइटवरची 'दररोज दोन वैयक्तिक वॉक' ही ओळ एकतर काढा नाहीतर दिवाळीच्या आत माणसं वाढवा, कारण दिवाळीचं बुकिंग तुम्ही आत्ताच घेताय हे मला माहीत आहे, माझ्या मैत्रिणीने मागच्याच आठवड्यात तिच्या बीगलसाठी ॲडव्हान्स भरलाय. तिने कॅन्सल करायचं ठरवलं तर तिचा ॲडव्हान्स कापू नका.

त्या पोराला कामावरून काढलंत तर ते मला कळेल. दोन माणसांत ३० खोल्या चालवणं हा त्याचा निर्णय नव्हता.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर हवं, याच मेलवर. फोन करू नका, फोनवर तुमची माणसं एक बोलतात आणि दुसऱ्या दिवशी दुसरंच. सोबत बिल, रजिस्टरच्या पानाचा फोटो, निळ्या पट्ट्याचा व्हिडिओ, कोपरांचे आणि पंजांचे फोटो, लॅब रिपोर्ट आणि डॉक्टरांची चिठ्ठी जोडली आहे. लाल हार्नेस अजून तुमच्याकडेच आहे, तोही कुरिअर करा.

कळावे,
बुवाची मालकीण
कोथरूड, पुणे