आण्णा, ते वाक्य आता पुरे

ती. आई आणि ती. आण्णा यांस,
शि. सा. नमस्कार.

इकडे सांगलीत आम्ही सगळे खुशाल. फोनवर हा विषय काढला की आण्णा "असू दे, असू दे" म्हणत फोन आईकडे देतात, म्हणून लिहायला बसले. आई, तू वाचून दाखव. मध्येच उठून गोठ्याकडे निघाले तर जाऊ देऊ नकोस.

परवा बारशाला पाहुण्यांत बसून आण्णा म्हणाले, "पोर शिकली, पण आम्ही काय दिलं तिला? कॉलेजात कामं करून फी भरली तिनं." मान खाली घालून म्हणाले. चार माणसांत मी काही बोलले नाही, पण घरी आल्यापासून ते मनातून जात नाही. आण्णा, हे वाक्य पुन्हा बोलू नका. ते खरं नाही.

२०११ ला मी साताऱ्याला शिवाजी कॉलेजात बी.ए.ला आले. दुसऱ्या वर्षी आपल्या माण तालुक्यात पाऊस झाला नाही. आण्णा जनावरं घेऊन चारा छावणीत राहायला गेले, आई टँकरची वाट बघत घागरी मांडून बसायची. त्या दिवसांत घरी पैसे मागायचे कुठल्या तोंडानं? मी 'कमवा आणि शिका'त, म्हणजे कॉलेजातच काम करून शिकायच्या योजनेत, नाव दिलं आणि मला ग्रंथालयात काम मिळालं.

तिथं काय करायचे ते तुम्हाला कधी नीट सांगितलंच नाही. आलेली पुस्तकं ज्याच्या त्याच्या जागी लावायची. पाठीवरच्या चिठ्ठीवर ८९१.४६ दिसलं की मराठी वाङ्मय, ३३० दिसलं की अर्थशास्त्र, हे आकडे अजून माझ्या तोंडात आहेत. पाठ सुटलेलं पुस्तक आलं तर आधी जुनी खळ खरवडून काढायची, कापडी पट्टीला नवी खळ लावून ती पाठीवर ताणून बसवायची, बोटानं दाबत कडेपर्यंत न्यायची, आणि वर जाड कोश ठेवून रात्रभर तसंच सोडायचं. सकाळी आल्या आल्या मी आधी ते पुस्तक उघडून बघायची. पट्टी कुठं सुरकुतली नाही ना, पानं सपाट उघडतात ना. वर्गात मी तोंड उघडत नव्हते, शहरातल्या मुली भराभर बोलायच्या आणि मी मागच्या बाकावर. पण देवघेवीच्या खिडकीपाशी त्याच मुली मला विचारायच्या, "अगं, या विषयावर काय वाचू?" आणि मला सांगता यायचं. कामाचे तास वहीत मांडून महिन्याला पैसे मिळायचे. पहिल्या पैशातून परीक्षेचा फॉर्म भरला. आज मी ग्रंथपाल म्हणून पोट भरते ते त्या खिडकीमुळं. मग यात कमीपणा कसला, आण्णा?

आणि जिथं मी शिकले ते कॉलेज १९४७ साली निघालं तेच या पायावर. ते चालवणाऱ्या रयत शिक्षण संस्थेचं ब्रीदच 'स्वावलंबी शिक्षण' आहे. रयत काढणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग काढलं तेव्हा सगळ्या जातींची पोरं एकत्र राहायची, एकत्र जेवायची. त्या पोरांच्या पोटाला घालायला त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा मोडलं. हे सगळं मी तिथंच, काम संपल्यावर खिडकीच्या मागं बसून वाचलं.

आता तुम्ही काय दिलं ते सांगते. माझ्या खोलीवर पाटणकडची एक मुलगी होती. आई, तुला आठवेल, तुझा डबा एसटीनं आला की खर्ड्यावर पहिली तुटून पडायची ती. अर्थशास्त्रात आम्हा सगळ्यांत हुशार, तिच्या वहीवर आमची अख्खी खोली पास झाली. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेली आणि तिचं लग्न ठरलं. नंतर तिचा भाऊ येऊन ट्रंक घेऊन गेला, वही मात्र आमच्याकडंच राहिली. अजून फोन करते आणि कुठलंही बोलणं शेवटी कॉलेजवरच आणते. आता मुलं मोठी झाल्यावर तिनं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात बी.ए.ला नाव घातलंय. मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू!

त्याच हिवाळ्यात आत्यानं माझ्यासाठी मुंबईचं स्थळ आणलं होतं. दुष्काळात घरातलं एक माणूस कमी झालं तर कुणाला नको होतं? भावकी मागं लागली होती. आण्णा, तुम्ही छावणीतून निरोप धाडलात की पोरीची पदवी होईपर्यंत हा विषय माझ्यापुढं काढायचा नाही. आणि आईनं तो निरोप भावकीला जसाच्या तसा ऐकवला. माझ्या वयाच्या किती मुलींना एवढं मिळालं, ते मला वसतिगृहात दिसत होतं.

एक उणीव होती, ती पैशाची नव्हे. पुढं काय काय शिकता येतं, कुठल्या परीक्षा असतात, हे सांगणारं जवळ कुणी नव्हतं. ग्रंथालयशास्त्राचा अभ्यासक्रम कोल्हापूरला विद्यापीठात आहे, हे मला ग्रंथालयातल्या बाईंनी सहज बोलता बोलता सांगितलं म्हणून कळलं. दादाच्या सानूच्या बाबतीत ती उणीव मी राहू देणार नाही.

म्हणून तिच्या शिक्षणासाठी विहिरीजवळचा जमिनीचा तुकडा विकायची भाषा आधी बंद करा. सानूला फार्मसीला जायचं आहे ना? २०२४ पासून ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, मराठा आणि आर्थिक दुर्बल गटातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क सरकारनं पूर्ण माफ केलंय. अट एकच लक्षात ठेवायची, प्रवेश सरकारी कॅप फेरीतून, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, झाला पाहिजे. कुणी एजंट "थेट सीट देतो" म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा. राहण्याखाण्यासाठी अल्पभूधारकांच्या मुलांना पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, त्याचा अर्ज मी भरते.

दादाला सांगा, तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला आणि अधिवास दाखला लगेच काढून ठेव, जातीची कागदं एकदा बाहेर काढून बघ. जून लागला की दहिवडीत रांगा लागतात. मी रविवारी येते, सानूचे कागद एकत्र लावू आणि फेऱ्यांचं वेळापत्रक तिच्यासमोरच बघू.

येताना आण्णांचा चष्मा दुरुस्त करून आणते.

तुमची,
माया