मुलांच्या रक्ताच्या रिपोर्टवर मोठ्यांची रेंज नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्यात तापाची साथ आली की कोल्हापुरातल्या लॅबमध्ये लहान मुलांच्या सीबीसी (रक्तातल्या पेशी मोजण्याच्या) तपासणीसाठी रांग लागते. लिम्फोसाइट आणि न्यूट्रोफिल हे त्यातले पांढऱ्या पेशींचे दोन मुख्य प्रकार. दोन वर्षांच्या मुलाच्या रिपोर्टवर लिम्फोसाइट ६० टक्के, शेजारी नॉर्मल रेंज २० ते ४० आणि पुढे ठळक ‘हाय’. न्यूट्रोफिल ३० टक्के, तिथे ‘लो’. डॉक्टरांची संध्याकाळची ओपीडी सुरू होईपर्यंत आईवडील मोबाइलवर शोधत थेट ब्लड कॅन्सरपर्यंत पोहोचलेले असतात. ती रेंज मोठ्या माणसांची. दोन वर्षांच्या मुलात हे प्रमाण असेच असते.

जन्मतः बाळाच्या रक्तात न्यूट्रोफिल जास्त असतात. पहिल्याच आठवड्यात लिम्फोसाइट त्यांना गाठतात आणि साधारण चार-पाच वर्षांपर्यंत वरचढ राहतात. पुढे पुन्हा न्यूट्रोफिल वाढतात. छातीतली थायमस ग्रंथी बालपणी जोमाने नव्या टी पेशी (लिम्फोसाइटचाच एक प्रकार) तयार करते, कारण बाळाला जवळपास प्रत्येक जंतू नवाच असतो. वय वाढेल तसा जुन्या जंतूंना ओळखणाऱ्या मेमरी पेशींचा वाटा वाढत जातो.

टक्क्यांपेक्षा संख्या बघावी. एकूण पांढऱ्या पेशी १०,८०० आणि लिम्फोसाइट ६० टक्के म्हणजे ६,४८०. दोन वर्षांच्या मुलाला साधारण ३,००० ते ९,५०० चालतात.

नाहक घाबरणे परवडले, खरा धोका उलट बाजूला आहे. दीड महिन्याच्या बाळाचे लिम्फोसाइट २,००० आले तर मोठ्यांच्या १,००० ते ४,८०० या रेंजमध्ये ते आरामात बसतात आणि रिपोर्टवर कसलीही खूण उमटत नाही. या वयात ३,००० च्या खालचा आकडा सोडून देण्यासारखा नाही. विषाणूच्या तापातही तो तात्पुरता उतरतो, म्हणून तपासणी लवकर पुन्हा करावी. तरीही कमीच आला तर फ्लो सायटोमेट्री या खास तपासणीने टी, बी आणि एनके असे लिम्फोसाइटचे प्रकार वेगवेगळे मोजावे लागतात. प्रतिकारशक्तीचा गंभीर जन्मजात दोष तिथे कळतो. नेमक्या याच वयात रोटाव्हायरस आणि पोलिओचे तोंडावाटे डोस असतात. त्या जिवंत लसी अशा बाळाला घातक ठरू शकतात. (बाकीच्या बाळांच्या लसी कुणीही यावरून लांबवू नयेत.)

लॅबचालकांना विनंती, सॉफ्टवेअरमध्ये वयानुसार रेंज भरा. बाळाचे वय दिवसांत किंवा महिन्यांत लिहा. ‘१ वर्ष’ असे ढोबळ लिहिले की रेंजच बदलते. टाचेतून रक्त घेताना दाबून पिळू नका, त्यात गुठळी होते आणि पेशी कमी मोजल्या जातात. जांभळ्या झाकणाची छोटी ट्यूब खुणेपर्यंत भरून लगेच आठ-दहा वेळा हलकेच उलटसुलट करा. नवजात बाळाच्या केंद्रक असलेल्या तांबड्या पेशी मशीन कधी कधी पांढऱ्यांत धरते, तेव्हा स्लाइड डोळ्यांखालून घालाच.

पालकांनी मात्र हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट दोन्ही घसरलेले असतील, स्लाइडच्या तपासणीत ब्लास्ट (अपक्व) पेशी लिहिल्या असतील किंवा न्यूट्रोफिलची संख्या ५०० च्या खाली असेल, तर संध्याकाळची वाट न पाहता लगेच बालरोगतज्ज्ञांकडे जावे.

– एक लॅब तंत्रज्ञ, राजारामपुरी, कोल्हापूर